पुन्हा पुन्हा सुटणारा रंग: जुन्या आर.सी. गाडीच्या बॉडीचं दुखणं

रंग सुकलाय, स्टिकर बसलेत, रिमोटवर चालणारी छोटी आर.सी. गाडी कपाटात दिमाखात उभी आहे. आठ-दहा दिवसांनी बॉडीची क्लिप काढायला जावं, तर पोस्टच्या (बॉडी ज्यावर बसते त्या खांबाच्या) भोकाकाठी नखाएवढा पोपडा उचललेला दिसतो. सहज म्हणून तो ओढावा, तर त्याच्याबरोबर अर्धं बॉनेट सोलून हातात येतं. मग पुन्हा सगळं घासायचं, पुन्हा रंग मारायचा आणि महिनाभरानं पुन्हा तेच बघायचं.

माझ्या ग्रासहॉपरच्या बॉडीवर हे तीनदा झालं. तामिया या जपानी कंपनीचं ते १९८४ सालचं मॉडेल, त्यातही जुनी मूळ बॉडी. प्रत्येक वेळी मी रंग बदलला. पहिल्यांदा वाटलं स्प्रे कॅनच जुना होता. दुसऱ्यांदा दुसऱ्या प्रकारचा प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) आणला. तिसऱ्यांदा चार पातळ हातांऐवजी सहा अतिपातळ हात दिले. रंग दर वेळी त्याच जागेवरून सुटला: बॉनेटची डावी बाजू आणि त्यामागची कड. जागा एकच, रंग तीन. म्हणजे दोष रंगात नव्हताच, तो रंगाच्या खाली होता. एवढं लक्षात यायला मला जवळजवळ एक वर्ष लागलं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी पोपडा नीट बघा

सुटलेला रंग लगेच घासून टाकू नका. एक मोठासा पोपडा अलगद उचलून उलटा करा आणि भिंगाखाली धरा. त्याच्या मागच्या बाजूला सगळी हकिकत लिहिलेली असते.

मागची बाजू गुळगुळीत, चकचकीत, जणू काचेवरून सोललेली असेल तर रंगानं प्लास्टिकला धरलंच नव्हतं. मधे तेल, मेण, सिलिकॉन यांपैकी काहीतरी होतं किंवा त्या प्लास्टिकसाठी तो रंगच चुकीचा होता. मागे प्रायमरचा थर चिकटून आला असेल आणि खाली नुसतं प्लास्टिक उघडं पडलं असेल, तर प्रायमर आणि प्लास्टिक यांच्यातलं नातं तुटलंय. प्रायमर प्लास्टिकवर तसाच राहिला आणि वरचा रंग तेवढा सुटला, तर गडबड त्या दोन थरांमधे आहे: प्रायमरवर हात लागले, धूळ बसली किंवा पहिला हात इतका लांबून मारला की रंग हवेतच सुकून पावडरीसारखा येऊन बसला. आणि पोपड्याच्या मागे प्लास्टिकचाच पातळ पापुद्रा आला असेल, तर रंगातल्या द्रावकानं प्लास्टिकचा वरचा थर खाल्लाय. तिथे रंगापेक्षा प्लास्टिकची काळजी आधी करावी लागेल.

माझ्या पोपड्याची मागची बाजू तिन्ही वेळा चकचकीत होती. पहिल्या दोन वेळा मी ती पाहिलीच नाही.

हे प्लास्टिक कोणतं?

जुन्या गाड्या नव्यानं हाती घेणाऱ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही. एकाच कंपनीच्या, एकाच सालच्या दोन गाड्यांच्या बॉड्या वेगळ्या प्लास्टिकच्या असू शकतात. ग्रासहॉपर आणि हॉर्नेट या दोन्ही बग्या (खडबडीत जमिनीवर पळवायच्या गाड्या) १९८४ च्या, चॅसिस जवळपास एकच. पण ग्रासहॉपरची बॉडी कडक, साच्यात ओतलेल्या प्लास्टिकची, तर हॉर्नेटची पारदर्शक पॉलीकार्बोनेटची. पहिलीला रंग बाहेरून द्यायचा, दुसरीला आतून. १९७९ च्या सँड स्कॉर्चरची बीटल बॉडी कडक, १९८३ च्या फ्रॉगची पॉलीकार्बोनेट.

पॉलीकार्बोनेट ओळखायला सोपं. पत्र्यासारखं पातळ, बोटानं दाबलं तर वाकतं, कडा कात्रीनं कापलेल्या असतात आणि मूळ रंग आतल्या बाजूला असतो. बाहेरून नख फिरवलं तर रंगाची कड कुठेच लागत नाही. कडक बॉडी जाड असते, टिचकी मारली की टक् असा कोरडा आवाज येतो. आतल्या बाजूला स्क्रूसाठी उभे खांब आणि साच्यातली ओतीव अक्षरं दिसतात. ती पॉलिस्टायरीनची किंवा एबीएसची असते. रंगासाठी या दोघांना एकाच घरात धरलं तरी चालतं.

तामियाच्या स्प्रे कॅनवरची अक्षरं याचसाठी आहेत. पीएस म्हणजे पॉलीकार्बोनेटचा रंग, टीएस म्हणजे कडक प्लास्टिकचा. टीएस पॉलीकार्बोनेटवर मारला तर पहिल्या दिवशी सुंदर दिसतो, पण त्याला पकड नसते आणि बॉडीबरोबर वाकताही येत नाही. गाडी एकदा भिंतीला लागली की पत्रेच्या पत्रे गळून पडतात. उलट, पीएस कडक बॉडीवर मारला तर त्यातलं तीव्र द्रावक पृष्ठभाग चावतं आणि बारीक चिरांची जाळी उमटते. पहिली चूक धुऊन काढता येते. दुसरी कायमची राहते.

खरी पंचाईत लहान भागांची: बंपर, चाकं, विंग, ड्रायव्हरचा पुतळा. यांत नायलॉन, पॉलीप्रॉपिलीन, एबीएस सगळंच मिसळलेलं असतं आणि काळं प्लास्टिक डोळ्यांना सारखंच दिसतं. त्यासाठी मी घनतेची चाचणी करतो. एका भांड्यात साधं पाणी, दुसऱ्यात एक लिटर पाण्यात साधारण १६० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवलेलं. भाग साध्या पाण्यात तरंगला तर तो पॉलीप्रॉपिलीन किंवा पॉलीइथिलीन; त्यावर नेहमीचा रंग कधीच टिकणार नाही. साध्या पाण्यात बुडाला पण खाऱ्या पाण्यात तरंगला तर बहुधा एबीएस किंवा पॉलिस्टायरीन. यांची घनता १.०५ च्या आसपास आणि ते मिठाचं पाणी साधारण १.१० चं. दोन्हीकडे बुडाला तर नायलॉन (१.१४ च्या आसपास), पॉलीकार्बोनेट (१.२०) किंवा ॲसिटाल (१.४१). धातूचा प्रत्येक तुकडा आधी काढा, आणि भाग पाण्यात फिरवून चिकटलेले बुडबुडे झटका. एक बुडबुडासुद्धा निकाल उलटा करू शकतो.

नायलॉनच्या चाकांवर रंग मारत बसू नका, एवढंच सांगेन. नायलॉन कापडाचा ॲसिड डाय छान पितो. गरम पाण्यात रंगवलेलं चाक खरचटलं तरी खालून पांढरं दिसत नाही. मात्र हे गडद करण्यापुरतंच. पिवळं पडलेलं चाक डायनं पांढरं होत नाही.

सिलिकॉन: ज्याच्यावर मी संशयच घेतला नाही

ग्रासहॉपरला मुळात तेलाचे शॉक, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, नसतात. म्हणून तिच्या बॉडीवर सिलिकॉन तेल येईलच कसं, असं मी गृहीत धरलं. पण त्याच टेबलावर मी दुसऱ्या एका बगीचे शॉक भरत होतो. शॉकचं तेल म्हणजे शुद्ध सिलिकॉन. बाटलीच्या तोंडाशी आलेला थेंब पुसला, फडकं बाजूला ठेवलं आणि दोन दिवसांनी त्याच फडक्यानं ग्रासहॉपरच्या बॉनेटवरची धूळ पुसली. उजव्या हातात फडकं, डाव्या हातात बॉडी. पुसण्याची सुरुवात नेहमी बॉनेटच्या डाव्या बाजूनं व्हायची.

सिलिकॉनचा स्वभावच असा की ते उडून जात नाही, सुकत नाही, आणि एका थेंबाचा थर हातभर जागेवर पसरतो. साबणाच्या पाण्यानं थोडं जातं, बाकीचं नुसतं इकडून तिकडे सरकतं. त्याच्यावर बसलेला रंग वरून सुकतो, पण खाली त्याला धरायला काही मिळत नाही.

त्याची एक खूण असते, ती मलाही दिसली होती. रंगाचा पहिला ओला हात मारताना एखाद्या जागी रंग मागे सरकतो आणि टाचणीच्या डोक्याएवढा गोल खळगा राहतो. मधे प्रायमर दिसतो, भोवती रंगाची उचललेली कड. रंगारी याला माशाचा डोळा म्हणतात. माझ्या बॉनेटवर असे दोन खळगे पडले. मी त्यांत बारीक लांबी भरली, पेपर मारला आणि वरून रंग दिला. आजार समोर उभा राहून सांगत होता, आणि मी त्याच्यावर लांबी भरली. खळगा दिसला की थांबा. तो भरू नका, वर जाड हात मारून बुजवूही नका. रंग ओला असेल तर सगळा पुसून काढा आणि सुरुवातीपासून सफाई करा.

सिलिकॉन येतं कुठून? शॉकचं आणि डिफरन्शियलचं (चाकांमधल्या गिअरचं) तेल हे उघड आहे. त्याशिवाय टायर काळे चमकवणारे स्प्रे, डॅशबोर्डचं पॉलिश, दारांच्या बिजागऱ्यांवर मारायचे वंगणाचे स्प्रे, हाताला लावायच्या बऱ्याचशा क्रीम. जुन्या गाडीत आणखी एक शक्यता: आधीच्या मालकानं बॉडी वर्षानुवर्षं एखाद्या चमक आणणाऱ्या स्प्रेनं पुसलेली असते. गाडी विकताना तर हमखास. जुनी गाडी हाती आली आणि तिच्यावर संशय घेण्याइतकी छान चमक असेल, तर ती सिलिकॉनची समजूनच चाला.

सफाईचा क्रम इथे सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि मी तो उलटा करत होतो. आधी पेपर मारायचो, मग धुवायचो. तेलकट पृष्ठभागावर पेपर मारला की ते तेल ओरखड्यांमधे जाऊन बसतं आणि मग कितीही धुतलं तरी निघत नाही. आधी तेल काढायचं, मगच पेपर.

आता मी असं करतो. बॉडीवरचे सगळे स्क्रू, पोस्ट, काच काढतो. कोमट पाणी आणि भांडी घासायचं पातळ साबण घेऊन मऊ ब्रशनं घासतो, खूप पाण्यानं धुतो, आणि हवेवर सुकू देतो. हात लागायचे ते इथपर्यंतच; इथून पुढे नायट्राइल हातमोजे, पावडर नसलेले. मग मोटारीच्या रंगकामात वापरतात ते मेण-ग्रीस काढायचं द्रावण. दोन पांढरी, नवीन, कोरडी फडकी. एक द्रावणानं ओलं करून एकाच दिशेनं पुसायचं, गोल गोल नाही. आणि ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं उचलून घ्यायचं. ते आपोआप सुकू दिलं तर द्रावण उडून जातं आणि तेल जागच्या जागी परत बसतं, म्हणून दुसरं फडकं हवंच. हातभर जागा झाली की फडक्याची घडी बदलायची. असे तीन फेरे, प्रत्येक फेऱ्याला नवीन फडकी. कडक बॉडीवर हे द्रावण साचू द्यायचं नाही आणि आधी आतल्या बाजूला न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून बघायचं. पॉलिस्टायरीन काही द्रावकांना बिचकतं.

त्यानंतर ८०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, थेंबभर साबण घालून. पुन्हा धुणं, आणि मग बॉडीवरून पाण्याची धार सोडून बघणं. प्लास्टिकवर पाणी काचेसारखं पसरत नाही, पण पेपर मारलेल्या बॉडीवर ते बऱ्यापैकी सलग पडद्यासारखं उतरतं. एखाद्याच जागी ते पटकन मागे सरून थेंब झाले, तर तिथे अजून तेल आहे. तिसऱ्या खेपेनंतर मी ही धार सोडली तेव्हा बॉनेटच्या डाव्या बाजूला तळहाताएवढ्या जागेवर पाणी थांबतच नव्हतं. एका वर्षाचं कोडं तिथे सुटलं.

आणि शॉक भरायचं काम आता वेगळ्या टेबलावर, वेगळ्या फडक्यानं होतं. सिलिकॉनचा कोणताही स्प्रे ज्या खोलीत रंग होतो तिथे मारत नाही.

ब्रेक ऑइलनं जुना रंग काढलाय? मग हे वाचा

कडक बॉडीवरचा जुना रंग काढायला ब्रेक ऑइल वापरण्याची पद्धत फार जुनी आहे, आणि ती चालते. पण डब्यावरचा आकडा बघा. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे ग्लायकॉल जातीचे; ते रंग सैल करतात आणि पाण्यानं धुतले जातात. डॉट ५ मात्र सिलिकॉनचा असतो. त्यानं रंग तर निघत नाहीच, पण बॉडीला सिलिकॉनची आंघोळ होते. ५ आणि ५.१ दिसायला सख्खे भाऊ, स्वभावाला अगदी परके.

ग्लायकॉलवाला वापरला तरी एक सापळा आहे. तो स्क्रूच्या खांबांत, पॅनेलच्या खोबणीत, जुन्या चिरेत जाऊन बसतो. वरून बॉडी स्वच्छ दिसते. रंग मारल्यावर काही दिवसांनी त्या खोबणीतून तो पाझरतो आणि नवा रंग तिथे मऊ, चिकट होतो. रंग दोन आठवड्यांनंतरही नखाला दबत असेल आणि ही जागा नेमकी खोबणीकाठी असेल, तर कारण बहुधा हेच. दात घासायच्या ब्रशनं खोबण्या धुवा, कोमट साबणपाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, पाणी बदलून पुन्हा ठेवा, आणि एक-दोन दिवस पूर्ण सुकू द्या.

मी स्वतः आता शक्यतो आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. हळू चालतं, सगळे रंग निघत नाहीत, पण मागे काही ठेवत नाही. दोन्ही पद्धतींत स्क्रू आधी काढणं सक्तीचं आहे. घट्ट आवळलेल्या स्क्रूभोवती प्लास्टिक ताणलेलं असतं. अशा ताणलेल्या जागी रसायन लागलं की खांब उभा चिरतो. आणि बॉडी भांड्यात टाकून दोन दिवस विसरू नका. तासातासानं बघा, रंग सुटू लागला की बाहेर काढा. अल्कोहोलच्या वाफा पेट घेतात, तेव्हा ज्योत आणि ठिणगी लांब, खिडकी उघडी.

जुन्या रंगावर नवा रंग

काही बॉड्यांवर आधीच्या मालकानं ब्रशनं एनॅमल (हळू सुकणारा तैलरंग) लावलेलं असतं. त्याच्यावर लॅकर जातीचा स्प्रे, म्हणजे टीएससारखा, मारला की लॅकरचं द्रावक खालच्या एनॅमलला फुगवतं आणि सगळा पृष्ठभाग सुरकुततो, किंवा सुकताना बारीक चिरा जातात. वर प्रायमर मारून हे झाकता येत नाही, कारण प्रायमरही बहुधा लॅकरच असतो. एनॅमल काढा, दुसरा मार्ग नाही. खाली नेमकं काय आहे हे ओळखायला आतल्या कोपऱ्यावर लॅकर थिनरचा एक थेंब कापसाच्या काडीनं लावा: रंग विरघळून काडीवर आला तर लॅकर, सुरकुतून फुगला तर एनॅमल. थेंब एकच, आणि फक्त रंगावर. उघड्या प्लास्टिकवर थिनर नको.

लाल प्लास्टिकवर पांढरा रंग दिला आणि तो आठवड्यात गुलाबी झाला, तर रंग बिघडलेला नाही. प्लास्टिकमधला लाल रंग वर चढतोय. पांढऱ्याचे आणखी हात देऊन फायदा होत नाही. मधे चंदेरी रंगाचा एक सलग हात द्या, त्याच्यावर पांढरा. चंदेरीतले ॲल्युमिनियमचे कण बांधासारखं काम करतात.

दमट हवेत मारलेला लॅकर दुधाळ होतो. द्रावक झपाट्यानं उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्याच्यावर बसते. पावसाळी दिवस टाळा, एवढंच.

पॉलीकार्बोनेट बॉडीचा आतला रंग सुटतोय

इथे प्रश्न वेगळा आहे आणि माझं मतही जरा आग्रहाचं आहे. तीस-चाळीस वर्षं जुन्या बॉडीचा मूळ रंग आतून जागोजागी सुटला असेल, तरी सगळा रंग काढू नका. ती बॉडी कोणीतरी तेव्हा, त्या काळच्या रंगानं, बहुधा डब्यावरचं चित्र समोर ठेवून रंगवलेली असते. ते हस्ताक्षर एकदा गेलं की गेलं. शिवाय जुनं पॉलीकार्बोनेट ठिसूळ झालेलं असतं आणि रंग काढण्याच्या खटाटोपात चिरलेल्या बॉड्या मी पाहिल्या आहेत.

जेवढं सुटलंय तेवढंच हाताळा. आतून मास्किंग टेप हलक्या हातानं चिकटवून उचला. जे सैल आहे ते टेपवर येईल, जे घट्ट आहे ते राहील. उघड्या पडलेल्या जागा साबणपाण्यानं आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, फक्त त्या जागा. कडेला राहिलेल्या रंगावर अल्कोहोल ओघळू देऊ नका. बाहेरची बाजू पूर्ण झाकून मग पीएसचा जुळता रंग आतून पातळ हातांनी द्या. रंग जुळवताना कागदावर बघू नका. पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यावर मारून दुसऱ्या बाजूनं बघा, कारण बॉडीवर तो तसाच दिसणार आहे. मूळ रंगामागे पांढरा किंवा चंदेरी हात असेल तर तुम्हालाही तो द्यावा लागेल, नाहीतर दुरुस्तीचा तुकडा उन्हात वेगळा दिसेल.

बॉडी मधे चिरली असेल तर चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडा म्हणजे ती पुढे पळत नाही. सगळा रंग झाल्यावर आतून फायबरग्लासची जाळीदार पट्टी लवचीक, रबरासारख्या गोंदानं चिकटवा. कडक होणारा गोंद नको. बॉडी वाकते, तो वाकत नाही.

ॲसिटोन आणि लॅकर थिनर पॉलीकार्बोनेटच्या जवळही आणू नका, क्षणात ते धुरकट होतं आणि चिरतं. ओव्हन साफ करायची तीव्र अल्कली द्रावणंही त्याला आतून कमकुवत करतात, जरी वरून लगेच काही दिसत नसलं तरी.

क्रोमवर रंग

हेडलाइट, बंपर, चाकांच्या टोप्या यांवरचा क्रोम म्हणजे प्लास्टिकवर लॅकर, त्यावर ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म थर. त्याच्यावर थेट रंग दिला तर तो खरडला की क्रोमसकट निघतो. क्रोम घालवायचा असेल तर कपडे धुवायच्या ब्लीचमधे भाग बुडवा, थोड्याच वेळात चकाकी विरघळते. खाली पिवळसर लॅकर राहतं, ते अल्कोहोलनं काढायचं. पण मधे भरपूर पाण्यानं धुतल्याशिवाय नाही: ब्लीच आणि अल्कोहोल एकत्र आले की विषारी पदार्थ तयार होतात. ब्लीचमधे आम्ल किंवा अमोनियाही कधी मिसळू नका. क्रोम चांगला असेल तर मात्र त्याला हात लावू नका.

संपूर्ण बॉडी रंगवण्याआधी छोटी परीक्षा

हे मी चौथ्या खेपेला केलं, आणि पहिल्याच खेपेला करायला हवं होतं. बॉडीच्या आतल्या बाजूला, जिथे कोणाला दिसणार नाही अशा जागी, चार बोटं रुंदीचा चौकोन घ्या. बाहेर जे जे करणार आहात ते सगळं तिथे त्याच क्रमानं करा: तीच सफाई, तोच पेपर, तोच प्रायमर, तेच हात. आठवडाभर थांबा. मग नव्या ब्लेडनं सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा मारा, दोन-दोन मिलिमीटर अंतरानं, रंग कापला जाईल पण प्लास्टिकमधे खोल जाणार नाही इतक्या दाबानं. पंचवीस चौकोनांची जाळी होते. तिच्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून, एका झटक्यात ओढा. रंगाच्या कारखान्यांत हीच परीक्षा आयएसओ २४०९ या मानकाप्रमाणे होते.

एकही चौकोन निघाला नाही तर निश्चिंत मनानं पुढे जा. रेघांच्या काठाकाठानं बारीक कपचे निघाले तर चालण्यासारखं आहे, पण कपाटात ठेवायच्या गाडीसाठी. धावणाऱ्या गाडीसाठी नाही. अख्खे चौकोन टेपवर आले तर थांबा, पोपडा उलटा करा आणि वर सांगितलेल्या खुणा पुन्हा बघा. फक्त आतली बाजू आणि बाहेरची बाजू यांत एक फरक लक्षात ठेवा: आतली बाजू आधीच्या मालकानं कधी पॉलिश केलेली नसते. माझ्याकडे आतला चौकोन उत्तम निघाला असता आणि बॉनेट तरीही सुटलं असतं. म्हणून संशयाच्या जागी, बाहेरही, नुसत्या प्रायमरवर एक लहान जाळी मारून बघतो. ती नंतर पेपरनं सपाट करता येते.

रंग उत्तम बसला, तरी कडेनं सुटतोय

मग रासायनिक नाही, यांत्रिक कारण शोधा. बॉडी-पोस्टच्या भोकाच्या आतल्या कडेवर रंगाचा थर चढलेला असतो. पोस्ट आत-बाहेर होताना तो पाचरीसारखा उचलला जातो आणि पोपडा तिथूनच सुरू होतो. रंगापूर्वी भोकात कागदाची गुंडाळी खुपसा किंवा नंतर गोल कानसीनं भोकाची आतली कड मोकळी करा. जिथे बॉडी चॅसिसवर टेकते, जिथे विंगचा पाय बसतो, जिथे स्क्रूचं डोकं फिरतं, त्या सगळ्या जागांवर रंग नकोच. स्क्रूखाली नायलॉनचा पातळ वॉशर घाला.

मास्किंग टेप ओढताना रंगाची कड सोबत येत असेल तर टेप सरळ वर नाही, स्वतःवर दुमडून मागच्या दिशेनं, हळू ओढा. आणि लॅकर पूर्ण सुकलाय का, ते नाकानं ओळखा. हाताला तो अर्ध्या तासात कोरडा लागतो, पण जवळून वास घेतला आणि द्रावकाचा गोडसर वास आला, तर अजून आत ओल आहे. वास पूर्ण गेल्यावरच टेप, स्टिकर किंवा पॉलिश. मी किमान आठवडाभर थांबतो.

कपाटात ठेवताना सुटी बॉडी टायरांना टेकवून ठेवू नका. जुन्या रबरातला मऊ ठेवणारा पदार्थ हळूहळू रंगात आणि पॉलिस्टायरीनमधेही झिरपतो. महिन्यांनी तिथे टायरच्या नक्षीसकट चिकट डाग मिळतो. मऊ विनाइलची वायरसुद्धा असंच करते. बॉडी आणि टायर यांच्यामधे पॉलीप्रॉपिलीनचा किंवा साध्या कागदाचा तुकडा पुरेसा होतो.

ग्रासहॉपरच्या बॉनेटवर चौथा रंग आता उभा आहे. पोस्टची भोकं मोकळी केली आहेत, आतला जाळी मारलेला चौकोन तसाच ठेवलाय, आणि दर वेळी क्लिप काढताना भिंगानं आधी डाव्या भोकाची कड बघतो.